बाळंतविडा भरला, घरी नेणाऱ्या गाडीचं आणि पुढच्या २८ दिवसांचं काय?

बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणायची वेळ आली की घरात दोन याद्या तयार होतात. एक आजीच्या डोक्यात असते. जुन्या लुगड्याची दुपटी, टोपरं, झबली, लंगोट, गोधडी, शेगडी, बाळंतशेपा, ओवा, डिंक. दुसरी यादी दवाखान्याच्या फाटकासमोरच्या मेडिकलमध्ये होते. पावडर, शाम्पू, साबण, डायपरचं पाकीट, ओले रुमाल, दुधाची बाटली आणि चकचकीत पिशवीतला ‘बेबी सेट’. बाप पहिल्यांदाच झालेला असतो, खिशात उसने आणलेले पैसे असतात आणि दुकानदार म्हणेल ते तो घेतो.

तिसरी यादी सरकारची आहे. महिला व बालविकास विभागाने जानेवारी २०१९ मध्ये बेबी केअर किटची योजना आणली. सरकारी दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलं बाळंतपण झालेल्या आईला सुमारे २००० रुपयांच्या वस्तूंची पेटी द्यायची, अशी ही योजना. बाळाचे कपडे, प्लास्टिकचे लंगोट, लहान गादी, टॉवेल, ब्लँकेट, मच्छरदाणी, ताप मोजायचं थर्मामीटर, अंगाला लावायचं तेल, शाम्पू, नेलकटर, हातमोजे-पायमोजे, खुळखुळा, आईसाठी हात धुण्याचं लिक्विड असं बरंच काही त्यात ठरलं.

कल्पना महाराष्ट्राची एकट्याची नाही. तमिळनाडूने २०१५ मध्ये अशी पेटी सुरू केली, तेलंगणाने जून २०१७ मध्ये. सगळ्यांची आजी म्हणावी अशी योजना फिनलंडची. तिथे १९३८ पासून गरीब आईला आणि १९४९ पासून प्रत्येक आईला बाळाच्या कपड्यांचं खोकं मिळतं. रिकामं झालं की त्याच खोक्यात बाळाला निजवता येतं. पण फिनलंडने त्या खोक्याला एक अट जोडली. चौथा महिना संपायच्या आत आईने तपासणीला आलं पाहिजे. म्हणजे खोकं हे निमित्त होतं, खरं काम तपासणीचं होतं.

आपल्याकडेही पेटीमागे तोच हिशेब. बाई बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात यावी. प्रश्न एवढाच की हे काम आता किती शिल्लक आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. घरी, सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणं बहुतेक तालुक्यांत मोजकी उरली. बाई दवाखान्यात येते. अडचण तिथून बाहेर पडल्यावर सुरू होते.

केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीतले २०२० चे आकडे बघा. महाराष्ट्रात जन्मलेल्या दर १००० बाळांमागे १६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. त्या १६ पैकी ११ जातात पहिल्या २८ दिवसांत. राज्याचा आकडा देशाच्या मानाने चांगला आहे, हे मान्य. पण उरलेलं दुखणं कुठे आहे हे त्या ११ वरून कळतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, कमी वजन, जंतुसंसर्ग, जन्मताना श्वास अडकणं ही त्यामागची मोठी कारणं. यातली काही बाळं दवाखान्यातच दगावतात. पण घरी आल्यावर गार पडलेलं, दूध ओढायचं बंद झालेलं, श्वास लागलेलं बाळ वेळेत ओळखलं तर बरंच काही वाचवता येतं. ते ओळखायला शाम्पू लागत नाही.

म्हणूनच पेटीतल्या वस्तू एकेक करून बघायला हव्यात. थर्मामीटर कामाचं. बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या मध्ये असावं आणि ते हाताच्या अंदाजाने कळत नाही. ब्लँकेट, टोपी, पायमोजे कामाचे. मच्छरदाणी कामाची. हात धुण्याचं लिक्विड तर सगळ्यात कामाचं, कारण बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर जंतू असतात. शाम्पूचं मात्र काय करायचं? जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालायची नाही, असं डॉक्टर सांगतात. वजन कमी असेल तर अजून थांबायचं, तोवर पुसून घ्यायचं. मेडिकलवाला गळ्यात मारतो ती पावडर नकोच, तिची बारीक धूळ बाळाच्या छातीत जाते. खुळखुळा दोन-तीन महिन्यांनी.

दुधाची बाटली पेटीत नाही, हे बरंच झालं. तशी ती असूच शकत नाही. बाटल्या आणि डब्यातलं दूध यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी बाटली दुकानातून घरात येतेच. ‘दूध उतरलं नाही’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात ऐकू येतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थोडाच येतो, आणि बाळाचं पोट इतकं लहान असतं की तेवढा पुरतो. हे कोणी सांगितलेलं नसलं की मधाचं बोट, गुळाचं पाणी, गाईचं दूध सुरू होतं. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं राज्यात निम्म्याहून थोडीच जास्त, असं तेच सर्वेक्षण सांगतं. दवाखान्यात जन्मलेली ९४ टक्के आणि तासाभरात पाजलेली त्याच्या आसपासही नाहीत, याचा अर्थ दवाखान्यातही हे काम सुटतंय.

आता आजीच्या यादीकडे. ती यादी वाईट नाही, उलट पुष्कळ शहाणी आहे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं दुपटं बाजारातल्या नायलॉनच्या झबल्यापेक्षा कधीही बरं. अट एकच, ते उकळून कडक उन्हात वाळवलेलं असावं. ट्रंकेच्या तळातून काढून थेट गुंडाळलेलं नसावं. तेल-मालिश हलक्या हाताने करायला हरकत नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर द्या की. पण बंद खोलीतली धुरी सोडली पाहिजे. ओवा-शेपाचा धूर आपल्याला सुवासिक लागतो, चार दिवसांच्या फुप्फुसाला तो धूरच असतो. काजळ नको, कानात-नाकात तेल नको, मध तर वर्षभर नको. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची, आपोआप गळते.

ऊब हा मुद्दा सगळ्यात हलक्यात घेतला जातो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. नवजात बाळाला थरथरून अंग गरम करता येत नाही. अंगावर चरबी कमी, डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि बहुतेक उष्णता त्या उघड्या डोक्यातून आणि ओल्या अंगातून निघून जाते. गार पडलेलं बाळ रडत नाही. ते गप्प पडतं, दूध ओढत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘लई शहाणं हाय, रडतच न्हाई.’ अडीच किलोच्या खालच्या बाळाला हा धोका जास्त. त्याच्यावरचा उपाय पेटीत कोंबता येत नाही, कारण तो आईच्या अंगावर आहे. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं घालून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं, वरून दोघांना एकाच लुगड्यात किंवा शालीत गुंडाळायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. आई दमली तर आजी, आत्या, अगदी बापही धरू शकतो. यासाठी खर्च शून्य, पण कुणीतरी दवाखान्यातच हे करून दाखवलं पाहिजे. घरी आल्यावर पत्रक वाचून हे जमत नाही.

आता गाडी. कुठल्याच यादीत तिचं नाव नसतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या मोफत. साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात आणणं मोफत, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणं मोफत आणि परत घरी सोडणंही मोफत. येताना कळा सुरू असतात म्हणून घरचे १०२ किंवा १०८ ला फोन लावतात. जाताना कुणाला फोन लावायचा हे ठाऊक नसतं, विचारलं तर गाडी दुसऱ्या पेशंटला गेलेली असते. मग भाड्याची जीप, काळी-पिवळी, नाहीतर सरळ मोटरसायकल. पौषातल्या सकाळी १५-२० किलोमीटर मोटरसायकलवर आलेलं दोन किलोचं बाळ घरी पोचेपर्यंत काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. १०८ ही तातडीच्या पेशंटसाठी, घरी सोडण्यासाठी १०२. ही गाडी मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. सुटीचा कागद हातात घ्यायच्या आधीच ती मागायची असते.

घाईचाही प्रश्न आहे. बाळंतपणानंतर किमान ४८ तास दवाखान्यात राहावं, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ बायका दुसऱ्याच दिवशी निघतात. घरी मोठं पोर, गोठ्यात जनावरं, सोबतच्या बाईला रोजगार बुडवून किती दिवस थांबता येणार? वॉर्डात खाट कमी पडत असेल तर दवाखानाही आडवं येत नाही. पण आईचं दूध भरून येतं साधारण तिसऱ्या दिवशी, आणि कावीळ वाढते तीही तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे बघायला हवं त्या दिवशी बाळ नेमकं कुणाच्या नजरेत नसतं.

ही नजर ठेवायची व्यवस्था मुळात महाराष्ट्रातूनच देशाला मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची तपासणी सुरू केली. बालमृत्यू इतके खाली आले की १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात नोंदवलं आहे. २०११ मध्ये देशाने हेच काम आशांकडे दिलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटायचं. वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, पाजताना बघायचं. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला केंद्राच्या दराने २५० रुपये. सहा खेपांचे २५० रुपये! एवढ्यात ती वाडी-वस्तीवर चालत जाते, हेच आश्चर्य.

या व्यवस्थेला आपल्याकडे एक भोक आहे, आणि ते रीतीतून आलंय. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदलेलं सासरच्या अंगणवाडीत, गरोदरपणाचं कार्ड सासरच्या उपकेंद्रात, बाळ मात्र माहेरच्या गावात. सासरची आशा म्हणते, ‘ती इथं नाहीच.’ माहेरच्या आशेला कोणी कळवलेलंच नसतं. सव्वा महिन्याने लेक सासरी जाते तेव्हा ४२ दिवस संपत आलेले असतात. पहिल्या बाळाच्या आईला नजर सगळ्यात जास्त हवी, आणि तीच दोन गावांच्या रजिस्टरांमध्ये हरवते. पैशांचंही तसंच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत येतात, दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, कागद तिसऱ्याच गावात. बाळ रांगायला लागलं तरी हप्ता नाही, ही तक्रार नवी नाही.

बीड जिल्ह्यात माहेर-सासरच्या पलीकडे आणखी एक गाव असतं, कारखान्याचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, आष्टी भागातून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे सातवा महिना असला तरी बाई मागे राहत नाही. बाळंतपण कारखान्याजवळच्या दवाखान्यात झालं तर नशीब. ‘घर’ म्हणजे पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी. बाहेर थंडी, आत चुलीचा धूर, हात धुवायला पाणी लांबून आणलेलं. उसाचा फड पहाटेच सुरू होतो, आई पुन्हा कोयता धरते तेव्हा बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं.

या बाळाला पेटी मिळाली तरी ती कुठे मिळणार? गावच्या अंगणवाडीत ती आई नाही, तिकडच्या अंगणवाडीत तिचं नाव नाही. आशेची भेट? कोप्यांच्या वस्तीत जायचं कुणी, हे त्या गावावर अवलंबून. इथे राहून गेलेली लस मार्च-एप्रिलमध्ये टोळी परतल्यावर शोधली जाते. बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब आणि हिपॅटायटिस-बी या तीन लसी जन्मतःच द्यायच्या असतात. हिपॅटायटिसची तर २४ तासांत. सहा महिन्यांनी शोधून ती भरून निघत नाही.

आणि जन्माचा दाखला. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, २१ दिवसांत. उशीर झाला की शुल्क, महिन्यानंतर अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांसाठी हाच एक कागद चालणार आहे. बेळगावच्या बाजूला फडावर जन्मलेल्या पोराचा दाखला काढायला पाटोद्याचा बाप सहा वर्षांनी कुठे जाणार? बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं. बारशासाठी थांबायची गरज नाही. घरी निघताना दवाखान्यात ‘जन्माची माहिती पाठवली का’ एवढं विचारून घेतलं, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

पेटी बंद करा, असा याचा अर्थ नाही. गरीब घरात नवं ब्लँकेट आणि थर्मामीटर येतंय तर येऊ द्या. पण ती फक्त पहिल्या बाळाला का, हे कोडंच आहे. दुसऱ्या बाळाला थंडी कमी वाजते का? पहिल्याचे कपडे उरतात हे खरं, थर्मामीटर तोवर उरत नाही. त्या २००० रुपयांतून शाम्पू, खुळखुळा, प्लास्टिकचे लंगोट काढले आणि प्रत्येक बाळाला टोपी, दोन सुती दुपटी, थर्मामीटर आणि धोक्याच्या खुणांचं एक चित्रांचं पान दिलं, तर खर्च फार वाढणार नाही. दूध न ओढणं, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, तळहात-तळपाय पिवळे, हालचाल मंदावणं. यातलं एकही दिसलं तर रात्र काढायची नाही, १०८ लावायचा. एवढंच त्या पानावर हवं. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे, हेही त्यावर मोठ्या अक्षरात हवं.

गावपातळीवर काही गोष्टी मुंबईच्या आदेशाची वाट न पाहता होऊ शकतात. लेक माहेरी निघाली की सासरच्या आशेने माहेरच्या आशेला एक फोन करायचा. टोळी निघण्याआधी गावातून जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी, कुठल्या कारखान्यावर, कुठल्या मुकादमाकडे आणि कितवा महिना, हे उपकेंद्रात लिहून ठेवायचं आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवायचं. माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत गावी न ठेवता बाईच्या सोबत द्यायचं. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. तो पैसा बऱ्याच ठिकाणी सतरंज्या आणि खुर्च्यांवर जातो. त्यातून गावात वर्षभरात जन्मणाऱ्या बाळांपुरती थर्मामीटर आणि टोपरी सहज होतील, शिवाय १०२ मिळाली नाही तेव्हा एखाद्या भाड्याच्या जीपचे पैसेही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा टोळ्या निघायच्या थोडी आधीच असते. यादी वाचायला ती तारीख सोयीची आहे.